धरणारे हात

लंडन शहरात, थेम्सच्या दक्षिण तीरावरील सदर्क भागात, सेंट थॉमस चर्चच्या माळ्यावर एक जुने शस्त्रक्रियागृह आहे. बावन्न पायऱ्यांचा अरुंद चक्री जिना चढून तेथे जावे लागते. १८२२ साली ते स्त्री-रुग्णांसाठी बांधले गेले, १८६२ मध्ये रुग्णालय तेथून हलले तेव्हा बंद पडले, आणि पुढे जवळजवळ शतकभर लोकांच्या विस्मृतीत गेले. १९५६ साली ते पुन्हा सापडले. त्यानंतर त्याचे संग्रहालय झाले. मधोमध एक लाकडी टेबल, त्याखाली रक्त टिपण्यासाठी भुशाची पेटी, आणि विद्यार्थ्यांना उभे राहून पाहता यावे म्हणून भोवती घोड्याच्या नालाच्या आकारात चढत गेलेले कठडे. कापणाऱ्याची जागा तेथे ठरलेली आहे, पाहणाऱ्यांची जागा ठरलेली आहे. आम्हांला मात्र तेथे शोधाव्याशा वाटतात त्या तिसऱ्याच माणसांच्या जागा. भूल नव्हती त्या काळी रुग्णाला टेबलावर दाबून धरायला चार-सहा दणकट माणसे लागत. लंडन हॉस्पिटलात तर त्यांना बोलावण्यासाठी १७९१ सालची एक घंटाच होती. ती वाजली की शस्त्रक्रिया आहे असे समजायचे, हातातले काम टाकायचे आणि धरायला जायचे. ती घंटा अजून जपून ठेवलेली आहे. धरणाऱ्यांची नावे कोणी जपली नाहीत.

शल्यविद्येचे इतिहास हे बहुधा कापणाऱ्यांचे इतिहास असतात. भुलीचा शोध लागल्यावर त्यांत भूल देणाऱ्यांची भर पडली, नाइटिंगेलबाईंच्या कृपेने परिचारिकांनाही एक प्रकरण मिळाले. शस्त्रक्रियागृहात या तिघांखेरीज जो माणूस सकाळी सर्वांआधी येतो आणि सर्वांनंतर जातो, त्याच्याविषयी मराठीत काही लिहिले गेल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. ब्रिटनमध्ये आज या माणसाला ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर, संक्षेपाने ओडीपी, म्हणतात. त्याच्या शिक्षणाचा, विशेषतः त्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाचा आणि त्या वर्षात त्याच्या मनाचे काय होते याचा विचार करताना आम्हांला पुन्हा पुन्हा त्या घंटेपाशी यावे लागले.

२१ डिसेंबर १८४६ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात रॉबर्ट लिस्टनने ईथरची भूल दिलेल्या रुग्णाचा पाय मांडीतून कापला. बॉस्टनमध्ये मॉर्टनने भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक केल्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. हा लिस्टन वेगासाठी विख्यात. घाईघाईत पाय कापताना त्याने सहायकाची बोटेही छाटली, आणि रुग्ण, सहायक व भीतीने कोसळलेला एक प्रेक्षक असे तिघे दगावले, अशी कथा मोठ्या चवीने सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा मिळालेला नाही. ती रचलेली असावी असेच आमचे मत आहे. पण रचलेल्या कथेतही सहायकाला नाव द्यावे असे कोणाला सुचले नाही. त्याच्या वाट्याला फक्त बोटे आली.

भुलीने धरणाऱ्यांचे जुने काम संपवले, हात मात्र रिकामे झाले नाहीत. टेबलावर न ओरडणारा रुग्ण आला तसा शल्यविशारदाला वेळ मिळाला, वेळ मिळाला तशा शस्त्रक्रिया लांबल्या, हत्यारे वाढली, आणि ती मांडणे, उकळणे, मोजणे, हाती देणे हे एक स्वतंत्र काम झाले. १८६५ साली ग्लासगोत जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्यास आरंभ केला. पुढे त्याने त्याच आम्लाचा फवारा हवेत मारण्याची टूम काढली. फवारा सुरू असेपर्यंत टेबलाभोवतीचे सगळेच त्या धुक्यात भिजत. हातांची कातडी पांढरी पडे, बधिर होई, भेगाळे. १८९० मध्ये फवारा व्यर्थ होता हे खुद्द लिस्टरनेच जाहीरपणे मान्य केले. रुग्णाच्या हितासाठी योजलेल्या उपायाची किंमत प्रथम सहायकाची कातडी देते, हा या क्षेत्रातला जुना रिवाज आहे. ईथर आणि सायक्लोप्रोपेनच्या स्फोटांची भीती, पुढे उडून जाणाऱ्या भुलीच्या वायूंत दिवसभर घेतलेला श्वास, ही त्याचीच पुढची रूपे. १९६७ साली सोव्हिएत रशियातील वाइस्मन यांनी स्त्री भूलतज्ज्ञांच्या ३१ गर्भधारणांपैकी १८ गर्भपातात संपल्याचे नोंदवले, आणि मग कोठे तो वायू खोलीबाहेर ओढून नेण्याच्या व्यवस्थेचा जगभर विचार सुरू झाला. एवढ्या थोड्या संख्येवरून निष्कर्ष काढू नये हे खरेच. पण त्याआधी कोणी मोजलेच नव्हते.

या रिवाजाला एक सुंदर अपवाद आहे. त्यासाठी आम्हांला क्षणभर अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जावे लागेल. १८८९ साली विल्यम हॉलस्टेड या शल्यविशारदाच्या शस्त्रक्रियागृहाची मुख्य परिचारिका होती कॅरोलाइन हॅम्पटन. हात निर्जंतुक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मर्क्युरिक क्लोराइडने तिच्या हातांना दुर्धर त्वचारोग जडला. काम सोडावे लागेल अशी वेळ आली. ती विलक्षण कार्यक्षम होती असे हॉलस्टेडने नमूद केले आहे (तो तिच्यावर अनुरक्तही होता, हे त्याने त्या ठिकाणी नमूद केलेले नाही). त्याने गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. १८९० मध्ये दोघांचा विवाह झाला आणि तिने रुग्णालय सोडले. मोजे मागे राहिले. इतर सहायक ते घालू लागले, मग शल्यविशारदही. १८९९ साली हॉलस्टेडचाच शिष्य जोसेफ ब्लडगुड याने हर्नियाच्या साडेचारशेंवर शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा मोज्यांमुळे जखमा चिघळण्याचे प्रमाण एकदम खाली आल्याचे दिसले. म्हणजे जी वस्तू सहायकाचे हात वाचवावे म्हणून जन्मली, तिने पुढे रुग्ण वाचवले. रुग्णाच्या रक्षणासाठी ती कोणी योजलीच नव्हती! ‘कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य’ हा शब्द आज रुग्णालयांच्या परिपत्रकांतून इतका गुळगुळीत झाला आहे की तो वाचताच आम्हांला फलकावरचा योगासनांचा कार्यक्रम आठवतो. तो शब्द दिसला की हॅम्पटनबाईंचे मोजे आठवावेत अशी सवय आम्ही स्वतःला लावून घेतली आहे.

आता पुन्हा ब्रिटन. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलांनी शस्त्रक्रियागृहासाठी तंत्रज्ञ तयार केले, आणि युद्ध संपताना, १९४५ साली, या तंत्रज्ञांची पहिली संघटना उभी राहिली. नागरी रुग्णालयांत मात्र कोण काय शिकून आला आहे याचा मेळ नव्हता. कोणी हमालीतून वर चढलेला, कोणी सैन्यातून आलेला. १९७० साली मेंदूचे शल्यविशारद वॉलपोल लेविन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शस्त्रक्रियागृहांच्या रचनेविषयी अहवाल दिला आणि ‘ऑपरेटिंग डिपार्टमेंट असिस्टंट’ अशा एका पदाची व त्याच्या रीतसर प्रशिक्षणाची शिफारस केली. पुढचा प्रवास पाट्या बदलण्याचा आहे, तो भराभर सांगतो: व्यावसायिक प्रमाणपत्र, मग पदविका, १८ ऑक्टोबर २००४ पासून कायद्याने नोंदणी, २०१७ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेत चौदा संलग्न आरोग्य-व्यवसायांत समावेश, आणि २०२१ मध्ये नोंदणीसाठी पदवीची अट घालण्याचा निर्णय. ‘असिस्टंट’चा ‘प्रॅक्टिशनर’ व्हायला तीसेक वर्षे लागली. सहायक या शब्दातला ‘सह’ फार थोड्यांना ऐकू येतो, त्यामुळे तो शब्द टाकला हे बरेच झाले.

आपल्याकडच्या रुग्णालयांतले ‘मामा’ आणि ‘मावशी’ वाचकांस ठाऊक आहेतच. नात्याच्या त्या हाकेत माया आहे, नाही असे नाही. पण त्या मायेआड माणसाचे नाव, शिक्षण आणि पगार असे तिन्ही सोयीस्करपणे लपतात. ज्या मामांनी वीस वर्षे बॉईल मशीनशेजारी उभे राहून नव्या निवासी डॉक्टरांना कितीदा सावरून घेतले, त्यांच्या ज्ञानाला कागद नव्हता. भारतात शस्त्रक्रियागृह-तंत्रज्ञ आणि भूल-तंत्रज्ञ यांना राष्ट्रीय पातळीवरची कायदेशीर ओळख मिळाली ती २०२१ च्या संलग्न आरोग्य-व्यवसाय आयोगाच्या कायद्याने.

असो. पदवी मिळवणारा हा विद्यार्थी शेवटच्या वर्षी काय शिकतो? अभ्यासक्रमाचे तीन भाग आहेत: भूल देताना सहाय्य, शस्त्रक्रियेच्या वेळी हत्यारांची बाजू सांभाळणे, आणि रुग्ण शुद्धीवर येताना त्याच्यापाशी असणे. यांतील हस्तकौशल्य पहिल्या दोन वर्षांत बरेचसे अंगी बाणते. भूलयंत्राची सकाळची तपासणी, गॉज आणि मॉप पाच-पाचांच्या गठ्ठ्यांनी दोघांनी मोठ्याने मोजणे, फलकावर आकडा लिहिणे, पोट शिवण्यापूर्वी पुन्हा मोजणे. यांतली एक कृती आम्हांला विशेष वाटते. १९६१ साली ब्रायन सेलिक या लंडनच्या भूलतज्ज्ञाने असे सुचवले की पोट भरलेल्या रुग्णाला तातडीची भूल देताना स्वरयंत्राखालील क्रिकॉइड नावाची कूर्चेची कडी बोटांनी दाबून धरावी, म्हणजे तिच्यामागची अन्ननलिका मिटते आणि पोटातले पाणी फुप्फुसांत शिरत नाही. हा दाब सहायकाने द्यायचा. रुग्ण जागा असताना सुमारे एक किलोचा, शुद्ध हरपताच सुमारे तीन किलोंचा. विद्यार्थी हा दाब वजनकाट्यावर बोट ठेवून घोटतात. आणि नियम एकच: भूलतज्ज्ञ सांगेपर्यंत बोट उचलायचे नाही. ही युक्ती कितपत उपयोगी आहे यावर भूलतज्ज्ञांत आज वाद आहे, तो आमच्या अधिकाराबाहेरचा. आम्हांला दिसते ते एवढेच, की अंग मोडून धरणाऱ्या सहा माणसांच्या जागी आता दोन बोटे आली आहेत.

शेवटच्या वर्षी हातांपेक्षा आवाजाची परीक्षा असते. विद्यार्थ्याने आता यादीतील रुग्ण जवळपास स्वतः सांभाळायचे असतात. अनुभवी प्रशिक्षक मागे उभा. मोजणीत एक मॉप कमी भरला, शल्यविशारद शिवायला लागला, तर ‘थांबा’ म्हणायचे आहे. भूलतज्ज्ञाने मागितलेले औषध रुग्णाच्या ॲलर्जीच्या नोंदीशी जुळत नसेल तर ते त्याच्या तोंडावर सांगायचे आहे. आणि ज्यांना सांगायचे, त्यांतल्याच कोणाच्या तरी सहीने त्याची कौशल्यवही पुरी होणार असते. ती वही पुरी झाली नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर नोकरी नाही. बाविशीच्या मुलामुलींकडून आपण येथे कशाची अपेक्षा करतो याचा विचार व्हावा. जो आपल्या भवितव्यावर सही करणार, त्यालाच चूक दाखवायची. जुन्या गुरुकुलांनीही शिष्याला एवढ्या पेचात टाकले नसेल.

हा पेच कल्पनेतला नाही. २९ मार्च २००५ रोजी इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली ही ३७ वर्षांची निरोगी स्त्री सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग मोकळा राहिना, तिच्यात नळीही जाईना. अशा वेळी गळ्यातून मार्ग काढणे हा शेवटचा उपाय असतो. खोलीत अनुभवी डॉक्टर जमले, एक नव्हे तीन. आणि ते नळी घालण्याच्या प्रयत्नातच गुंतून राहिले. एका परिचारिकेने गळ्यातून मार्ग काढण्याची हत्यारे आणून ठेवली आणि तसे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखली; पण खाट मिळाल्याचे सांगितल्यावर डॉक्टरांच्या चेहऱ्यांवर उगाच घाई केल्याचा भाव दिसला, म्हणून तिने ती रद्द केली. काय करायला हवे ते त्यांना कळले होते. ते ऐकले जाईल अशा रीतीने कसे सांगावे, हे त्यांना कोणी कधी शिकवले नव्हते. एलेन तेरा दिवसांनी वारली.

तिचा पती मार्टिन ब्रोमिली व्यवसायाने वैमानिक. विमान पडले की चौकशी होते आणि ‘सहवैमानिक गप्प का बसला’ हा प्रश्न निर्लज्जपणे विचारला जातो, हे त्याला ठाऊक होते. त्याने कोणाला शिक्षा व्हावी असे म्हटले नाही. चौकशी व्हावी आणि ती सर्वांना वाचायला मिळावी असे म्हटले. २००७ साली त्याने मानवी घटकांचा अभ्यास करणारा एक गट स्थापन केला, आणि त्याच्या पत्नीची कथा आज ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियागृहात काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. त्या दिवशीच्या डॉक्टरांना खलनायक करणे सोपे आहे, पण त्यात काही अर्थ नाही. संकटात सापडलेले मन एकाच फटीला धरून बसते, आणि तेव्हा बाजूच्या माणसाचा आवाज हाच काय तो दरवाजा असतो.

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी वाचायची एकोणीस कलमांची यादी प्रसृत केली. तिच्यात एक कलम असे आहे की छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे. आठ शहरांतील रुग्णालयांत, ज्यांत आपली दिल्लीही होती, ती यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर उत्साहाची लाट आली. पुढे २०१४ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा हिशेब मांडला, तर तेथे लक्षणीय फरक आढळला नाही. आम्हांला यात विसंगती वाटत नाही. यादी संध्येसारखी पुटपुटता येते. ओठ हलतात आणि मन दुसरीकडे असते. नाव सांगणाऱ्या विद्यार्थिनीकडे कोणी मान वळवून पाहिले का, हे कलमात बसत नाही.

मान न वळवण्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. २०१५ साली इस्राएलमध्ये नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांतील चोवीस पथकांना एका कृत्रिम प्रसंगाला तोंड द्यायला लावले. काही पथकांना एका पाहुण्या तज्ज्ञाने येताजाता सौम्य टोमणे मारले, काहींना तटस्थ शब्द ऐकवले. शिवीगाळ नव्हे, फक्त टोमणे. टोमणे ऐकलेल्या पथकांचे निदानही घसरले आणि हातांचे कामही. कडक बोलल्याने माणूस घडतो अशी आपल्याकडच्या पुष्कळ गुरुजनांची श्रद्धा आहे; तिला या प्रयोगाने तरी आधार दिलेला नाही. घाबरलेला विद्यार्थी गॉजसुद्धा नीट मोजू शकत नाही. म्हणूनच शेवटच्या वर्षातले मनःस्वास्थ्य हे प्रशिक्षणाशेजारी ठेवलेले वेगळे ताट नव्हे, असे आम्ही म्हणतो. टेबलावर पहिला मृत्यू पाहिलेल्या मुलीला त्या संध्याकाळी कोणी विचारतो की नाही, की पुढचा रुग्ण लगेच आत घेतला जातो, यावर पुढच्या आठवड्यात ती ‘थांबा’ म्हणेल की नाही हे ठरत असते.

मार्च २०२० मध्ये ही परीक्षा एकाएकी सर्वांचीच झाली. ब्रिटनमध्ये तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या, शस्त्रक्रियागृहे रिकामी झाली, भूलयंत्रांचे कृत्रिम श्वासोच्छ्वासासाठी उपयोग झाले आणि ती यंत्रे ज्यांना उमगत ते ओडीपी अतिदक्षता विभागांत गेले. तिसऱ्या वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांचे शेवटचे प्रात्यक्षिक सत्र पूर्ण झाले होते त्यांच्यासाठी तात्पुरती नोंदवही उघडण्यात आली. पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांना कामावर उभे राहता येणार होते. पुन्हा घंटा वाजली होती. त्या वर्षीच्या जून-जुलैत इंग्लंडमधील नऊ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील ७०९ कर्मचाऱ्यांनी एका पाहणीला उत्तरे दिली. त्यांतील ४५ टक्क्यांच्या उत्तरांत तीव्र नैराश्य, तीव्र चिंता, आघातोत्तर विकार किंवा मद्याच्या आहारी जाणे यांपैकी निदान एकाची गंभीर लक्षणे होती.

आता एक छोटी गोष्ट. २०१७ च्या सुमारास सिडनीतील रॉब हॅकेट या भूलतज्ज्ञाने आपल्या शस्त्रक्रियागृहातल्या टोपीवर ‘रॉब, भूलतज्ज्ञ’ असे लिहून घेतले. तोंडावर मास्क, अंगावर सारख्याच रंगाचे कपडे, अशा खोलीत हाक कोणाला मारायची हे कळावे एवढाच हेतू. काही सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली, स्वतःचे नाव विसरतोस की काय म्हणून. ब्रिटनमध्ये एका विद्यार्थिनीने ही कल्पना उचलून धरली, आणि बघता बघता शस्त्रक्रियागृहांत जाड मार्करने लिहिलेल्या टोप्या दिसू लागल्या. त्या टोपीवर नावाखाली काम लिहायचे असते. शिकणाऱ्यांनी तेथे ‘विद्यार्थी ओडीपी, तिसरे वर्ष’ असे लिहावे. अक्षर मोठे काढावे, म्हणजे टेबलाच्या पलीकडूनही वाचता येईल.